अर्धविरामापुढचा हुकूम

नाशिक,
८ जानेवारी २०२५

प्रिय प्रतिभा,

या पत्रासोबत एक खोकं पाठवतोय. जपून उघड, आत जुनी फायरवॉल आहे. आमच्या हॉस्पिटलने नवी घेतली, त्याच कंपनीची, जरा मोठी. जुनी भंगारात निघाली होती. दिवाळीत तू म्हणाली होतीस की ऑफिसात असल्या पेट्या खोलून त्यांच्यातल्या चुका शोधतेस, पण घरी स्वतःची अशी एकही नाही. म्हणून प्रशासक साहेबांची लेखी परवानगी काढून ही मागून घेतली. घे, आता हवी तेवढी खोल.

आईने विचारलं, ही पेटी करते काय. मी सांगत बसलो, की बाहेरचं इंटरनेट आणि हॉस्पिटलचे कंप्युटर यांच्या मध्ये ती असते, कोणाला आत सोडायचं ते ठरवते. ती म्हणाली, "म्हंजे राखण्याच की." बारा वर्षं हे काम करतोय, मला एवढं सोपं सांगता आलं नव्हतं.

आई दिवाळीपासून इथेच आहे. पायाची जखम भरत आली, पण साखर काही ऐकत नाही. गेल्या वर्षी आमच्याच हॉस्पिटलात पेनिसिलिनचं इंजेक्शन दिल्यावर तिचा श्वास कोंडला होता, तेव्हापासून ती त्या औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून फिरायची आणि दिसेल त्या डॉक्टरला दाखवायची. परवा मी ती चिठ्ठी सोडवून टाकली. म्हटलं, आता तुला कुणाला काही सांगायला नको. तुझं नाव टाकलं की स्क्रीनवर लाल पट्टी येते, सगळं कंप्युटरात आहे. तिला ते पटलं. लाल पट्टी बघायला मात्र तुझ्या सविता वहिनीला घेऊन खास हॉस्पिटलात आली होती.

पत्र कागदावरच लिहीत जा. आई म्हणते, फोनवरचं बोलणं लगेच सरतं, पत्र दोनदा वाचून घेता येतं.

तुझा,
धनराजदादा

बंगळुरू,
१७ मार्च २०२५

प्रिय दादा,

पत्राला उशीर झाला, रागावू नको. पेटी आल्या दिवसापासून टेबलावर उघडी पडली आहे. सुट्टीचे सगळे दिवस तिच्यातच जातात. नव्या पेटीतही आत हेच सॉफ्टवेअर असणार, फक्त डबा बदलला असेल.

एक सहज सांगते. नव्या पेटीचं सेटिंगचं पान बाहेरच्या इंटरनेटवरून उघडतं का, ते बघ. उघडत असेल तर बंद कर. फक्त हॉस्पिटलच्या आतूनच उघडू दे. हे पत्र मिळाल्या दिवशीच कर.

आत्याला सांग, इथे एका बाईकडे नागलीचं पीठ मिळालं. भाकरी थापली, पण कडा फाटल्या. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात ती दोनशे पोरांच्या भाकऱ्या करायची आणि मी शेजारी बसून पाढे म्हणायचे. तेव्हा तिच्या हाताकडे नीट बघायला हवं होतं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, पण मला आठवतात ते आत्याचेच हात.

तिच्या पायाला रोज बघत जा.

तुझी,
प्रतिभा

नाशिक,
२ एप्रिल २०२५

प्रिय प्रतिभा,

पान बंद केलं. पत्र आलं त्याच दिवशी.

आता माझी पंचाईत ऐक. आठवड्यातले तीन दिवस मी ओझरच्या शाखेत असतो. इथे काही अडलं की तिथूनच ते पान उघडून दुरुस्त करायचो. आता दर वेळी गाडी काढून नाशिकला यावं लागतं. परवा एक्स-रेचे फोटो ओझरला पोचेनात, मला यायला दीड तास लागला, डॉक्टर प्रशासक साहेबांवर भडकले आणि साहेब माझ्यावर. त्यांनी विचारलं, इतकी वर्षं चालू होतं, आता का बंद केलंस? बहिणीने सांगितलं म्हणून, असं कसं सांगणार.

म्हणून विचारतो. त्या पेटीत तुला काही सापडलंय का? काही असेल तर लिही, मी साहेबांसमोर कागद ठेवतो आणि पान बंदच ठेवतो. मग ते कितीही ओरडू देत.

आईने भाकरीबद्दल निरोप दिलाय, की पाणी कढत लागतं आणि पीठ बोटांनी नाही, तळहाताने मळायचं. मे महिन्यात तिला अभोण्याला रावजीमामाकडे सोडणार आहे. तुझ्या वडिलांनी परसात भेंडी लावलीय म्हणे, ती बघायची घाई झालीय तिला.

तुझा,
दादा

बंगळुरू,
१९ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

कारण असं काही नाही. आमच्या कामात ही एक चांगली सवय मानतात, एवढंच. साहेबांना सांग, हल्ली सगळीकडे असंच करतात. जमेल तोवर बंद ठेव.

ऑफिसात काम फार आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. आत्याला नमस्कार. पुढच्या खेपेला भाकरीचा फोटो पाठवीन.

तुझी,
प्रतिभा

नाशिक,
२२ जून २०२५

प्रतिभा,

आईच्या दहाव्याला तू आलीस, दोन दिवस राहिलीस, पण आपण बोललो नाही. तुझ्यासमोर येणं मी टाळत होतो. का, ते लिहितो. तोंडाने सांगता येणार नाही.

एप्रिलमध्ये पान बंद केल्याचं तुला कळवलं, ते खरं होतं. पण तुझं उत्तर आलं आणि चार दिवसांनी मी ते परत उघडलं. साहेबांचा हुकूम होता हे खरं. पण मी भांडलोही नाही. मलाही रोजच्या फेऱ्यांचा कंटाळा आला होता. तुला मात्र कळवलं नाही, तू चिडशील म्हणून.

आईला अभोण्याला न्यायचं राहूनच गेलं. पाय पुन्हा चिघळला, ताप चढला. २८ मेच्या संध्याकाळी तिला आमच्याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर दाखल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास एकेक कंप्युटर बंद पडायला लागला. प्रत्येक स्क्रीनवर खंडणीची तीच इंग्रजी ओळ. औषधांच्या नोंदी, रक्ताचे रिपोर्ट, सगळं कुलूपबंद. मी तळघरात सर्व्हरपाशी धावलो. तिथे मोबाइलला रेंज नाही, आणि आतले फोन त्याच नेटवर्कवर चालतात म्हणून तेही मेलेले.

नऊ वाजता सविता खाली आली. म्हणाली, "आई तुम्हाला हाका मारतायत. एकदा वर येऊन जा." मी केबल काढत होतो. मान वर न करता म्हणालो, दहा मिनिटांत येतो.

सविता मला बोलवायला खाली आली तेवढ्या वेळात वर नवं औषध सुरू करायचं ठरलं. मीना सिस्टर म्हणून सुरगाण्याकडची मुलगी आहे, ती सगळ्या पेशंटचं कागदावर लिहून घेत होती. तिने आईला विचारलं, कुठलं औषध सोसत नाही का. शेजारच्या खाटेवरच्या बाईने ऐकलंय. आई तापातच होती. ती म्हणाली, "ते समदं कंप्युटरात हाय. पोरानं लिवलंय."

मीनाने जुनी फाइल मागवली होती. ती यायच्या आत डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. फाइल दोन तासांनी आली. पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलेलं होतं.

मी वर पोचलो तेव्हा तिच्या छातीवर दाब देत होते. साडेनऊ झाले होते. माझी दहा मिनिटं अर्ध्या तासाची झाली होती.

पोलिसांच्या सायबर विभागाने सांगितलं, चोर त्या पेटीच्या पानावरूनच आत आले. मी उघडलेल्या. हे घरात फक्त सविताला माहीत आहे. आता तुला.

धनराज

बंगळुरू,
१ जुलै २०२५

प्रिय दादा,

तुझं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय.

तुझी चूक नाही. वरिष्ठांनी सांगितलं ते तू केलंस. चोर चोरी करायला आले, त्याला तू काय करणार? असली पानं देशभर हजारो ठिकाणी उघडी असतात. आत्या गेली ती त्या लोकांमुळे. स्वतःला त्रास करून घेऊ नको. सविता वहिनीला सांभाळ, स्वतःच्या जेवणाकडे लक्ष ठेव.

याहून जास्त आत्ता लिहवत नाही.

तुझी,
प्रतिभा

नाशिक,
१२ जुलै २०२५

प्रतिभा,

काल पोलिसांनी मला त्या कंपनीच्या सूचनेची प्रत दिली. १२ जूनला निघालेली आहे, म्हणजे आईला जाऊन चौदा दिवस झाल्यावर. त्यात लिहिलंय की पेटीत एक गंभीर त्रुटी आहे, तिच्यातून कुणीही पासवर्डशिवाय पेटीला हुकूम देऊ शकतो, आणि त्यावरचा उपाय आता तयार आहे.

शेवटी बारीक अक्षरात आभार मानलेत. ही त्रुटी शोधून जबाबदारीने कळवल्याबद्दल, प्रतिभा रावजी चौरे, बंगळुरू.

खरं सांगतो, मामाचं नाव वाचून क्षणभर मला बरं वाटलं. आपल्या घरातल्या पोरीचं नाव छापून आलं म्हणून. मग तुझं एप्रिलचं पत्र काढून पुन्हा वाचलं.

तू कंपनीला कधी कळवलंस, ती तारीख त्यात दिलेली नाही. तुला हे कधी कळलं? तू मला ‘कारण असं काही नाही’ लिहिलंस, त्याच्या आधी की नंतर? एवढंच लिही.

धनराज

बंगळुरू,
२५ जुलै २०२५

दादा,

आधी. ११ मार्चला.

तू पाठवलेल्या पेटीतच सापडलं. तिच्या सेटिंगच्या पानावर एक चौकट आहे. दुसरं एखादं यंत्र चालू आहे का, हे तपासायला तिथे त्याचा पत्ता लिहायचा. पेटी तो पत्ता उचलते आणि काही न बघता आपल्या आतल्या यंत्रणेला हुकूम म्हणून देते. मी पत्त्यानंतर एक अर्धविराम टाकला आणि त्यापुढे माझा एक साधा हुकूम लिहिला. पेटीने दोन्ही पाळले. मी कोण, हे तिने विचारलंच नाही. मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले आणि पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. त्या क्षणी मला आनंद झाला होता. तोही तुला सांगायला हवा.

त्याच दिवशी कंपनीला कळवलं. त्यांनी नव्वद दिवस मागितले. उपाय निघेपर्यंत कुणालाही बोलायचं नाही, अशा करारावर आमच्या ऑफिसतर्फे मी सही केली. असा नियम असतो, आणि तो उगाच नसतो. बातमी आधी फुटली तर चोरांनाच फायदा होतो. मी तो मनापासून मानत होते. म्हणून १७ मार्चला तुला ‘सहज’ म्हणून लिहिलं. वाटलं, नियमही पाळला आणि भावालाही वाचवलं.

मग तू सरळ विचारलंस. काही सापडलंय का, लिही, मी बंदच ठेवतो, असं. तुझं पत्र समोर ठेवून मी एक उत्तर लिहिलं होतं. दोन वाक्यांचं. ते फाडलं आणि दुसरं लिहिलं. कागदावरचं पत्र होतं, दादा. तू आणि आत्या सोडून ते कुणी वाचलं नसतं. मला भीती कंपनीची नव्हतीच. आपण नियम मोडला, हे मला स्वतःच्या नजरेत नको होतं.

अजून एक आहे, ते पोलिसांनाही माहीत नाही. २० मेला कंपनीने मला कळवलं की दुसऱ्याही कुणाला ही फट सापडली आहे आणि ती वापरल्याच्या खुणा दिसतायत. तरी अजून तीन आठवडे गप्प राहा, असं त्यांनी म्हटलं. मी राहिले. तू पान बंद केलं आहेस, असं मी धरून चालले होते. ते खरं आहे का, एवढं विचारायला एक फोन पुरला असता. नऊ दिवस होते माझ्याकडे.

मागच्या पत्रात तुझी चूक नाही असं लिहिलं, ते खरं आहे. पण त्या पत्रात मी स्वतः लपले होते.

प्रतिभा

नाशिक,
१० ऑगस्ट २०२५

प्रतिभा,

पत्र मिळालं. त्यावर मला काय वाटलं, ते आज लिहीत नाही.

दुसरं एक काम आहे. हॉस्पिटलने चौकशी समिती नेमली आहे आणि सगळं मीना सिस्टरवर ढकलायचं चाललंय. तिने ॲलर्जीचं नीट विचारलं नाही, नोंद केली नाही, म्हणून तिला कामावरून काढायचं, असा मसुदा तयार आहे. तिची नर्सिंगची नोंदणीही जाईल कदाचित. पेटीचा त्या मसुद्यात उल्लेखच नाही. ‘तांत्रिक बिघाड’ असे दोन शब्द आहेत.

मी समितीपुढे लिहून दिलं की पान मी उघडलं. साहेब म्हणाले, कंपनीलाच जे माहीत नव्हतं ते तुला कुठून कळणार, तू उगाच अंगावर घेऊ नको. कंपनीला माहीत होतं, हे सांगू शकेल असं माणूस एकच आहे.

तुझी पत्रं माझ्याकडे आहेत. ती मी कुणाला दाखवलेली नाहीत आणि दाखवणार नाही. ती तुझी आहेत. मीनाची सुनावणी ९ सप्टेंबरला आहे, सकाळी अकराला. तिचे आईवडील भाताची कापणी झाली की दरवर्षी द्राक्षाच्या बागांत मजुरीला जातात. घरात पगार हिचा एकटीचा.

धनराज

बंगळुरू,
१९ ऑगस्ट २०२५

दादा,

येते. ऑफिसला सांगितलं. तिथे बोललीस तर करार मोडेल आणि इथलं काम राहणार नाही, असं त्यांनी समजावलं. शांतपणेच बोलले, वाईट माणसं नाहीत ती.

कंपनीचं २० मेचं पत्र छापून आणते. मुक्काम लॉजवर करीन. घरी येऊ का, असं विचारत नाही.

प्रतिभा

नाशिक,
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रतिभा,

मीना सिस्टर सोमवारपासून कामावर आली. तिसऱ्याच मजल्यावर. तिचं नाव मसुद्यातून काढलं. पेटीचं कलम घातलं, कंपनीच्या तारखांसकट. साहेबांना रजेवर पाठवलंय. मी राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता, पण त्या तळघराच्या पायऱ्या मला उतरवत नाहीत. शहरातल्या लहान दवाखान्यांना त्यांच्या पेट्या तपासून देतो आता. उघडी पानं सापडतात. बंद करतो आणि कारण काय, ते लिहून देतो.

त्या दिवशी समितीच्या खोलीत मी मागच्या खुर्चीवर होतो. साहेबांनी तुला विचारलं की तुम्ही या प्रकरणात नक्की कोण, मृताच्या नातेवाईक की कंपनीच्या साक्षीदार. तू कंपनीचं २० मेचं पत्र टेबलावर ठेवलंस. मग म्हणालीस, "मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं मी खोटं उत्तर दिलं. या सिस्टरने निदान प्रश्न तरी विचारला होता." मीना रडत होती. तू तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस, कागद गोळा केलेस आणि निघालीस.

मी स्टँडवर सोडायला यायला हवं होतं. गाडीची किल्ली घेऊन उभा होतो. नाही आलो.

तुझं काम गेल्याचं मामांकडून कळलं. त्यांना पूर्ण गोष्ट माहीत नाही. सविताला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, प्रतिभाला आई नव्हती, आईंनीच वाढवलं, तिचंही तेवढंच गेलंय. सविताला हे बोलता येतं. मला अजून नाही.

गेले आठ दिवस मी तुला ‘माफ केलं’ असं लिहायला बसतोय. तीनदा लिहिलं, तीनदा कागद फाडला. ते अजून खरं झालेलं नाही, प्रतिभा. आपल्या दोघांच्या पत्रांत आता खोटं एक वाक्यसुद्धा जायला नको, म्हणून लिहीत नाही. खरं होईल त्या दिवशी लिहीन. होईल की नाही, हेही मला सांगता येत नाही.

तोवर तू लिहीत जा. आलेलं प्रत्येक पत्र मी दोनदा वाचतो.

धनराजदादा